एकच स्कॅन, एकच आवृत्ती, दोन संगणक आणि दोन उत्तरे : फ्रीसर्फरच्या मोजमापांतील फरकाचे काय करावे?

मांडवीकाठ (पणजी)

सर्वांना नमस्कार. गोव्यातील एका संस्थेत मी स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांच्या मेंदूच्या एमआरआय चित्रांवर काम करते. तीस रुग्ण आणि त्यांच्याच वयोगटातील तीस निरोगी व्यक्ती अशा साठ जणांची टी-वन (मेंदूची रचना दाखवणारी) चित्रे आमच्याकडे आहेत. मेंदूची चित्रे मोजणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरच्या ७.४.१ या आवृत्तीने त्यांवरून हिपोकॅम्पसचे (स्मृतीशी निगडित भागाचे) आकारमान आणि कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) जाडी काढण्याचे काम गेले दीड वर्ष सवडीसवडीने चालू आहे, कारण एका चित्राला सहा ते आठ तास लागतात आणि यंत्र माझ्या एकटीचे नाही. सुरुवातीचे काम प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर झाले, ज्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स कार्यप्रणाली आहे. गेल्या वर्षी मे अखेरीस वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि त्याचा पॉवर सप्लाय जळाला. तेव्हापासून पुढचे सगळे काम नव्या वर्कस्टेशनवर होत आहे, आणि त्यावर उबुंटू २२.०४ आहे.

गेल्या आठवड्यात प्रबंधातील एका आकृतीसाठी मला एका व्यक्तीच्या प्रक्रियेतील मधल्या टप्प्यांच्या फाइली हव्या होत्या. त्या जपून ठेवलेल्या नव्हत्या, म्हणून तेच चित्र नव्या यंत्रावर पुन्हा चालवले, तर डाव्या हिपोकॅम्पसचा आकडा पूर्वीच्या आकड्याशी जुळेना. चित्र तेच, आवृत्ती तीच, आज्ञा अक्षरशः तीच. त्याच नव्या यंत्रावर आणखी एकदा चालवल्यावर मात्र नवा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जसाच्या तसा आला. म्हणजे प्रत्येक यंत्र स्वतःच्या शब्दाला जागते, पण दुसऱ्याशी त्याचे पटत नाही.

मार्गदर्शकांचे म्हणणे असे की हे दशांशातले फरक आहेत, त्यात वेळ घालवू नये. माझे मन मात्र मानत नाही. हा सॉफ्टवेअरमधला दोष समजायचा का? दोनपैकी कोणता आकडा खरा मानायचा? दोन्हींची सरासरी घेणे योग्य होईल का? आणि सॉफ्टवेअर व त्याला लागणारे सगळे एकत्र बांधून ठेवणाऱ्या डॉकरसारख्या कंटेनरमध्ये हे बसवले, तर हा प्रश्न कायमचा सुटेल का? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बिट_मोजणारा (वेर्णा)

ताई, आपण शंका धरून बसलात हे बरे केले. हा नेहमीच्या अर्थाने दोष नाही, पण दशांशातला फरक म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. मी वैद्यकशास्त्रातला नाही, संख्यात्मक सॉफ्टवेअर हा माझा पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून त्या बाजूने सांगतो.

संगणक अपूर्णांक पूर्णपणे साठवत नाही, ठरावीक बिटांत बसेल तेवढाच साठवतो. एकेरी अचूकतेच्या संख्येला २४ बिटे मिळतात, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीतले जेमतेम सात अंक. दुहेरी अचूकतेला ५३ बिटे, म्हणजे पंधरा-सोळा अंक. उरलेले पूर्णांकनात जाते. एक उदाहरण घ्या, जे कोणालाही करून पाहता येईल. १,६७,७७,२१६ ही संख्या म्हणजे २ चा २४ वा घात. एकेरी अचूकतेत तिच्यात १ मिळवला, तर उत्तर १,६७,७७,२१६ च येते, कारण पुढची संख्या त्या बिटांत मावत नाही. आणखी १ मिळवा, उत्तर हलत नाही. पण आधी १ आणि १ यांची बेरीज करून आलेले २ तिच्यात मिळवले, तर उत्तर १,६७,७७,२१८ येते. शाळेत आपण शिकलो की बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, आणि संगणकात तो नियम पाळला जात नाही. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने क्रम बदलला, काम चार थ्रेडऐवजी (एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांऐवजी) आठ थ्रेडांत वाटले गेले, तरी शेवटचे बीट इकडचे तिकडे होऊ शकते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि आपल्या बाबतीत बहुधा तेच लागू आहे. आयईईई ७५४ हे १९८५ पासूनचे मानक बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचे पूर्णांकन नेमके कसे व्हावे हे बंधनकारक करते. साइन, कोसाइन, लॉगरिदम, घातांकी फलन यांच्याबाबत मात्र तशी सक्ती करत नाही. लिनक्सवर ही फलने ग्लिबसी या लायब्ररीत, म्हणजे तयार फलनांच्या संचात, असतात आणि तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत ती वेगवेगळ्या रीतीने लिहिलेली आहेत. सेंटओएस ७ वर ग्लिबसी २.१७ आहे, उबुंटू २२.०४ वर २.३५. मधल्या काळात, २०१८ मध्ये, त्या लायब्ररीतील अशी बरीच फलने नव्याने लिहिली गेली. नवी फलने अधिक वेगवान आहेत, पण शेवटच्या अंकाला ती जुन्यांशी जुळतीलच असे नाही. आपल्या प्रोग्रॅमवर एलडीडी ही आज्ञा चालवून पाहा, तो गणितासाठी यंत्रावरच्या कोणत्या लायब्ररीकडे जातो ते दिसेल. शिवाय फ्रीसर्फर सेंटओएससाठी आणि उबुंटूसाठी वेगवेगळे बांधून दिले जाते. आवृत्तीचा क्रमांक ७.४.१ असा एकच असला, तरी आपण दोन वेगळे बिल्ड वापरले आहेत.

यावर मार्गदर्शक सर म्हणतील की सातव्या अंकातल्या फरकाने हिपोकॅम्पस कसा बदलेल? याचे उत्तर आपल्याच डोंगरात आहे. चोर्ल्याच्या वर कणकुंबीच्या परिसरात सह्याद्रीचा जलविभाजक आहे. तिथे माथ्यावर पडलेला पावसाचा थेंब वीतभर पश्चिमेला पडला तर म्हादईच्या खोऱ्यातून पणजीला येऊन अरबी समुद्राला मिळतो, आणि वीतभर पूर्वेला पडला तर मलप्रभेतून कृष्णेत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात जातो. मेंदूची चित्रे मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असे माथे पावलोपावली आहेत. हा व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचा एक घनाकार ठिपका, करड्या भागात की पांढऱ्या भागात? पृष्ठभागाला पडलेले भोक इथून शिवायचे की तिथून? जुळणी पुरेशी झाली म्हणून थांबायचे की आणखी एक फेरी करायची? प्रत्येक ठिकाणी होय किंवा नाही असा निर्णय असतो, आणि पुढचा टप्पा त्या निर्णयावर उभा राहतो. बहुतेक व्हॉक्सेल माथ्यापासून लांब असतात, त्यांना सातव्या अंकाने काही होत नाही. जे माथ्यावर आहेत ते मात्र बाजू बदलतात.

हे नुसते तर्क नाहीत. ग्लाटार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एफएसएल, फ्रीसर्फर आणि सिव्हेट ही तीन सॉफ्टवेअरे वेगवेगळ्या लिनक्स प्रणालींवर चालवून पाहिली आणि फरकाचे मूळ एकेरी अचूकतेच्या गणिती फलनांपर्यंत नेऊन पोचवले. एफएसएलने केलेल्या मेंदूच्या अंतर्भागातील रचनांच्या वर्गीकरणात दोन प्रणालींमधला डाइस गुणांक बहुतेक वेळा ०.९ च्या वर होता, पण काही ठिकाणी तो ०.५९ इतका खाली आला. डाइस १ म्हणजे दोन आकार तंतोतंत एकमेकांवर बसले. ०.५९ म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

डिचोलीकर

एवढे कशाला? सिंग्युलॅरिटीचा, म्हणजे आताच्या अ‍ॅपटेनरचा, कंटेनर करा. ग्लिबसी त्याच्या आतच येते, मग खालची कार्यप्रणाली कोणती का असेना. आम्ही तीन वर्षे असेच करतो, कधी अडचण आली नाही. विषय संपला.

बिट_मोजणारा (वेर्णा)

डिचोलीकर, कंटेनर वापरावाच, याबद्दल दुमत नाही. पण विषय संपत नाही, आणि अडचण आली नाही की पाहिली नाही, हा एक वेगळा प्रश्न आहे.

कंटेनरमध्ये लायब्ररी गोठते, प्रोसेसर गोठत नाही. ग्लिबसी चालू होताना खाली कोणता प्रोसेसर आहे हे विचारते आणि त्याप्रमाणे एकाच फलनाच्या दोन-तीन रूपांपैकी एक निवडते. इंटेलच्या २०१३ मधील हॅसवेलपासून पुढच्या प्रोसेसरांत गुणाकार आणि बेरीज एकाच घासात करणारी एफएमए ही सूचना आहे. दोन क्रिया वेगळ्या केल्या तर पूर्णांकन दोनदा होते, एफएमएने केल्या तर एकदाच. म्हणून तोच कंटेनर हॅसवेलच्या आधीच्या यंत्रावर आणि आजच्या यंत्रावर शेवटच्या बिटाला वेगळे उत्तर देऊ शकतो. मॅट्रिक्सच्या गणितासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनब्लास आणि इंटेलच्या एमकेएल या लायब्रऱ्याही प्रोसेसर पाहूनच आपला मार्ग निवडतात. एमकेएलमध्ये एमकेएल_सीबीडब्ल्यूआर नावाचा पर्याय त्यासाठीच दिलेला आहे, तो ठरवून दिला की वेगवेगळ्या प्रोसेसरांवर एकच मार्ग घेतला जातो आणि वेग थोडा कमी होतो. प्रयोगशाळेत कोणाकडे एम-वन किंवा त्यापुढचा, म्हणजे अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचा, मॅक असेल आणि त्यावर हाच कंटेनर अनुकरणाने चालत असेल, तर त्या यंत्राची वेगळी नोंद ठेवावी.

याखेरीज काही सॉफ्टवेअर मुद्दामच यादृच्छिक नमुने घेतात. अँट्स या सॉफ्टवेअरने केलेली चित्रांची जुळणी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तिथे बीज (यादृच्छिक संख्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) ठरवून दिले नाही आणि थ्रेडची संख्या एकवर आणली नाही, तर एकाच यंत्रावर लागोपाठ दोनदा चालवूनही उत्तर वेगळे येऊ शकते. आपल्या बाबतीत तेच यंत्र तेच उत्तर देते आहे, म्हणून ते कारण इथे नाही. निदान एक संशयित कमी झाला.

आणि एक सावधगिरी. दोन यंत्रांवरची उत्तरे बिटाबिटाला जुळली म्हणजे ती बरोबर आहेत असे नाही. दोन्ही यंत्रे एकाच बाजूला सारखीच चुकलेली असू शकतात. ज्या चित्रात फरक पडतो, त्या चित्रात सॉफ्टवेअरचा निर्णय काठावरचा आहे, ही माहिती त्या फरकातूनच मिळते. कंटेनरने फरक दिसेनासा होतो, पण काठ तिथेच राहतो.

संख्याशास्त्र_फोंडा

वरची चर्चा वाचून मला एकच विचारावेसे वाटते, आणि ते कोणी विचारले नाही याचे आश्चर्य वाटते. साठांपैकी कोणाची चित्रे जुन्या यंत्रावर झाली आणि कोणाची नव्यावर? रुग्ण आणि निरोगी व्यक्ती दोन्ही यंत्रांवर सारख्या प्रमाणात विखुरलेल्या असतील, तर यंत्राच्या फरकाने आपले मोजमाप थोडे गढूळ होईल, इतकेच. पण एका गटातले बहुतेक एका यंत्रावर आणि दुसऱ्या गटातले बहुतेक दुसऱ्यावर असतील, तर आपण आजार मोजत आहात की कार्यप्रणाली मोजत आहात, हे कोणत्याही सांख्यिकी चाचणीने सांगता येणार नाही.

फरक किती असू शकतो याचा अंदाज येण्यासाठी ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांचा २०१२ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात आलेला लेख पाहावा. त्यांनी फ्रीसर्फरच्या ४.३.१, ४.५.० आणि ५.०.० या तीन आवृत्त्या, मॅक आणि एचपी ही दोन प्रकारची यंत्रे आणि मॅकच्या दोन कार्यप्रणाली यांची तुलना केली. आवृत्ती बदलल्याने आकारमानात सरासरी ८.८ टक्के आणि कॉर्टेक्सच्या जाडीत सरासरी २.८ टक्के फरक पडला. यंत्र किंवा कार्यप्रणाली बदलल्याने पडलेला फरक साधारण त्याच्या निम्मा होता. त्या आवृत्त्या आता जुन्या झाल्या, त्यामुळे हेच आकडे ७.४.१ ला लावू नयेत. पण ते कशाच्या शेजारी ठेवून पाहायचे तेही सांगतो. अल्झायमरच्या रुग्णांचा हिपोकॅम्पस वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास आकसतो आणि त्याच वयाच्या निरोगी माणसांचा दीड टक्क्याच्या आसपास. म्हणजे ज्या गोष्टीच्या शोधात आपण आहात ती वर्षाला तीन टक्क्यांची आहे. दोन-चार टक्क्यांची चूक अशा ठिकाणी दशांशातली म्हणता येत नाही.

फ्रीसर्फरचे निर्माते स्वतःच बजावतात की एका अभ्यासातील सर्व चित्रे एकाच आवृत्तीवर आणि एकाच कार्यप्रणालीवर चालवावीत. हे सांगण्यामागे कारण आहे, पण सूचना वाचण्याची सवय आपल्या मंडळींना औषधाच्या बाटलीपुरतीही नसते.

सरासरीबद्दल विचारले आहे. सर्व साठ चित्रे दोन्ही यंत्रांवर चालवून प्रत्येकाची सरासरी घेतली, तर त्याला काही अर्थ आहे. ज्यांचे दोन आकडे योगायोगाने हाती आले त्यांचीच सरासरी घेतली, तर एक तिसरे मोजमाप तयार होईल आणि गोंधळ वाढेल. खरा आकडा कोणता, या प्रश्नाला उत्तर नाही. दोन्ही अंदाजच आहेत.

मांडवीकाठ (पणजी)

तिघांचेही आभार. संख्याशास्त्र_फोंडा सर, आपला प्रश्न वाचला तेव्हाच पोटात गोळा आला होता.

कोणाचे चित्र कोणत्या यंत्रावर झाले याची वही आम्ही ठेवलेली नव्हती. पण एसेग.स्टॅट्स या फाइलच्या डोक्यावर यंत्राचे नाव आपोआप लिहिले जाते, हे काल रात्री लक्षात आले, आणि साठही फाइली उघडून पाहिल्या. निरोगी गटातील सत्तावीस जण जुन्या यंत्रावर आहेत आणि रुग्णांपैकी पंचवीस जण नव्या यंत्रावर. याचे कारण अगदी साधे आहे. निरोगी स्वयंसेवक लवकर मिळाले, कारण त्यांतले बरेचसे कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक होते. रुग्ण मात्र हळूहळू, कुटुंबीयांची संमती मिळत गेली तसे येत गेले. तोवर जुने यंत्र बंद पडले होते. कोणी मुद्दाम काही केले नाही, पण झाले ते असे.

गेल्या महिन्यात एका चर्चासत्रात मी दोन गटांमधील फरकाचा आलेख दाखवला होता आणि त्याचे कौतुकही झाले होते. आता तो आलेख पाहवत नाही. यंत्र हा एक सहचल (हिशेबात धरायचा जादा घटक) म्हणून समीकरणात घालून, किंवा वेगवेगळ्या स्कॅनरांसाठी वापरतात त्या कॉम्बॅट पद्धतीने, हे सावरता येईल का?

संख्याशास्त्र_फोंडा

नाही, आणि करूही नये. गट आणि यंत्र इतके एकमेकांत मिसळले आहेत की समीकरण ज्या आठ जणांवर भार टाकेल, त्यांच्यावर साठ जणांचा निष्कर्ष उभा करणे धाडसाचे होईल. कॉम्बॅटसारखी पद्धत त्यांच्यासाठी आहे ज्यांचा स्कॅनरच बदलला आणि माणसांना पुन्हा बोलावता येत नाही. आपल्याकडे मूळ चित्रे जागेवर आहेत. साठही पुन्हा चालवा, एकाच यंत्रावर, एकाच बिल्डवर, थ्रेडची संख्या सगळ्यांना सारखी ठेवून. एका वेळी चार चित्रे चालवली तर एका चित्राला आठ तास धरूनही पाच दिवसांचे काम आहे. चवथीची सुट्टी येतेच आहे. तेव्हा प्रयोगशाळेत कोणी नसते आणि यंत्र मोकळे असते, फक्त यूपीएसची बॅटरी आधी तपासून घ्या.

निवृत्त_क्षकिरण (म्हापसा)

मी या चर्चेत उशिरा आलो आहे. चाळीस वर्षे फिल्मा आणि नंतर पडदे पाहण्यात गेली, त्यामुळे ही बिटांची भाषा मला नवी आहे, तरीही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली अशी की स्कॅनर हेही एक यंत्रच आहे. एकाच माणसाला उठवून पुन्हा झोपवले आणि पुन्हा चित्र घेतले, तरी डोके किंचित वेगळे ठेवले जाते, चुंबकीय क्षेत्र कडेला थोडे वाकडे असते, माणूस हलतो, सकाळी पाणी प्यायला होता की नव्हता यानेही फरक पडतो. हा फरक कित्येकदा संगणकांमधल्या फरकाएवढा किंवा त्याहून जास्त असतो. त्यामुळे मार्गदर्शकांनी दुर्लक्ष करा असे म्हटले, त्यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. मात्र स्कॅनरचा हा फरक कधी इकडे कधी तिकडे जातो आणि माणसे वाढवली की सरासरीत विरतो. संगणकाचा फरक एखाद्या भागात एकाच दिशेला कललेला असू शकतो, मग माणसे कितीही वाढवा, तो कल तसाच राहतो. फोंड्याच्या सरांनी हे अधिक नेमके सांगितले असते.

दुसरी गोष्ट डोळ्यांची आहे. साठ चित्रे पुन्हा चालवाल तेव्हा ज्यांचे आकडे दोन यंत्रांत सर्वाधिक बदलले, ती चार-पाच चित्रे काढून त्यांवर आखलेल्या सीमारेषा एखाद्या अनुभवी रेडिओलॉजिस्टकडून पाहून घ्या. मला पैज लावायची सवय नाही, पण त्यांत रुग्ण हललेला असेल, किंवा हिपोकॅम्पसलगतच्या अमिग्डालाशी त्याची हद्द पुसट असेल, किंवा वेंट्रिकल (मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या) इतकी फुगलेली असतील की सॉफ्टवेअर गोंधळेल. आम्ही १९९२ पासून शेल्टेन्स यांच्या शून्य ते चार या मोजपट्टीने हा भाग नजरेने तोलत आलो आहोत. तिच्यात टक्के नाहीत, दशांश नाहीत, दोन डॉक्टरांचे एकमत होतेच असेही नाही. पण काहीतरी बेडौल झाले आहे हे तिच्यात लपत नाही. या आकड्यांवरून उद्या कोणी एखाद्या रुग्णाच्या मुलाला 'तुमच्या आईचा मेंदू एवढे टक्के आकसला' असे सांगू नये, ही माझी विनंती आहे. गटाबद्दल बोलण्यासाठी तयार केलेले मोजमाप एका माणसाच्या माथी मारताना हात कापला पाहिजे.

मांडवीकाठ (पणजी)

चवथ झाली, यंत्र पाच दिवस अखंड चालले. एकदा वीज गेली, पण यूपीएसने सांभाळून घेतले.

साठही चित्रे आता नव्या यंत्रावर, एका बिल्डवर, चार थ्रेडांवर झाली आहेत. जुन्या संगणकाला दुसरा पॉवर सप्लाय बसवून मिळाला, त्यामुळे दोन्ही गटांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली बारा चित्रे त्यावरही चालवली. हिपोकॅम्पसच्या बाबतीत बहुतेकांचा फरक एक टक्क्याच्या आत आहे. दोघांचा त्याहून बराच जास्त आहे, आणि म्हापशाच्या डॉक्टरांनी पैज लावली असती तर ते निम्मी जिंकले असते : एका चित्रात रुग्ण हललेला स्पष्ट दिसतो, दुसऱ्यात मला तरी काही वावगे दिसले नाही. ते चित्र दाखवायचे बाकी आहे. कॉर्टेक्सच्या जाडीत फरक विखुरलेला आहे, पण टेम्पोरल भागाच्या टोकाला तो इतर ठिकाणांपेक्षा उठून दिसतो.

दोन गटांमधला फरक उरला आहे, पण चर्चासत्रात दाखवला तेवढा मोठा नाही. मार्गदर्शकांना दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग 'हेच छापू' एवढेच म्हणाले. चर्चासत्राच्या आयोजकांना दुरुस्ती कळवली आहे.

एक तांत्रिक अडचण राहिली. दोन्ही यंत्रांवरच्या फाइली खरोखर कुठपर्यंत सारख्या आहेत हे पाहण्यासाठी मी त्यांची एमडी५ बेरीज (फाइलमधील प्रत्येक बिटावरून निघणारा ओळख-आकडा) काढली, तर पहिल्याच टप्प्यापासून एकही फाइल जुळत नाही. त्याच यंत्रावर दोनदा चालवलेल्याही जुळत नाहीत. आणि पद्धतीच्या प्रकरणात हे सगळे किती लिहावे?

बिट_मोजणारा (वेर्णा)

एमडी५ ने घाबरू नका, तो सापळा आहे आणि त्यात मीही एकदा दोन दिवस अडकलो होतो. जीझिपने दाबलेल्या फाइलच्या सुरुवातीला वेळेचा शिक्का बसू शकतो, आणि फ्रीसर्फरच्या एमजीझेड फाइलींत चालवलेल्या आज्ञेची नोंदही राहते. आतले चित्र तेच असले तरी वेष्टन बदलते आणि बेरीज वेगळी येते. स्टॅट्स फाइलींतही तारीख आणि यंत्राचे नाव असते. म्हणून आतले व्हॉक्सेल थेट ताडून पाहा, त्यासाठी फ्रीसर्फरमध्येच एमआरआय_डिफ ही आज्ञा आहे. टप्प्यांच्या क्रमाने एकेक फाइल घेत जा. ज्या टप्प्यावर पहिल्यांदा फरक दिसेल तो लिहून ठेवा, कारण पुढचे सगळे फरक त्याच्या पोटातून आलेले असतात, आणि दोन यंत्रांचे कुठे फाटले ते तिथेच कळते.

काठावरची चित्रे ओळखण्यासाठी दुसरी कार्यप्रणाली शोधत बसण्याची गरज नाही, हेही सांगून ठेवतो. माँटे कार्लो अंकगणित नावाची पद्धत आहे, जिच्यात प्रत्येक क्रियेच्या शेवटच्या बिटांत जाणूनबुजून यादृच्छिक धक्का देतात आणि तेच चित्र अनेकदा चालवतात. उत्तर किती डोलते यावरून ते कितपत भरवशाचे ते ठरते. व्हेरिफिकार्लो हे मुक्त साधन त्यासाठी आहे. प्रबंधाला एवढे लागणार नाही, पण पुढच्या लेखासाठी विषय तयार आहे.

पद्धतीच्या प्रकरणात दोन परिच्छेद पुरेत. पहिल्यात आवृत्ती, ती कोणत्या प्रणालीसाठी बांधलेली होती, यंत्राची कार्यप्रणाली, ग्लिबसीचा क्रमांक, प्रोसेसरचे मॉडेल, थ्रेडची संख्या आणि पूर्ण आज्ञा. रिकॉन-ऑल या फ्रीसर्फरच्या मुख्य आज्ञेच्या नोंदवहीत यांतले बरेचसे आधीच असते, ती फाइल पुरवणीत जोडा. दुसऱ्यात बारा जणांची दोन यंत्रांवरची तुलना, प्रत्येक भागासाठी वेगळी, आणि त्या दोन जास्त फरकाच्या चित्रांचा स्पष्ट उल्लेख. आधीचा आलेख वेगळा का होता, हेही त्यातच एका वाक्यात सांगा. परीक्षकाने विचारायची वाट पाहू नका.

संख्याशास्त्र_फोंडा

वरच्याला जोडून एवढेच, की ती दोन चित्रे विश्लेषणातून वगळायची असतील तर वगळण्याचा निकष आधी लिहा आणि तो साठही चित्रांना लावा. आकडे बदलले म्हणून नेमकी तीच दोन काढली, तर आपण पुन्हा जिथून निघालात तिथे जाल. बोटविनिक-नेझर आणि सहकाऱ्यांचा २०२० मधील 'नेचर' मधला अभ्यास आठवत असेल. तिथे एकाच एफएमआरआय (मेंदूची क्रिया दाखवणाऱ्या एमआरआय) माहितीवर सत्तर गटांनी नऊ गृहीतके तपासली, कोणत्याही दोन गटांची पद्धत तंतोतंत सारखी निघाली नाही आणि निष्कर्षही बरेच विखुरले. तिथे फाटे माणसांच्या निर्णयांनी फुटले होते, ग्लिबसीने नव्हे.

आणि प्रबंधाचा मसुदा मला पाठवलात, तो वाचला. तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला 'सर्व चित्रे त्याच आवृत्तीवर चालवली' असे जे वाक्य आहे, ते 'त्याच बिल्डवर, त्याच यंत्रावर' असे करा. जुन्या वाक्यातही खोटे काही नव्हते, आणि घोटाळा त्याच्याच आडोशाने झाला होता.